डाव्या टाचेची बाहेरची कड

१२ जानेवारी

दादा,

"चप्पल खोटं बोलत नाही, गिऱ्हाईक बोलतं," असं तू मला एकदा सांगितलं होतंस. मी दहा वर्षांची होते, तू विशीचा. एक गृहस्थ दुकानात येऊन बूट महिन्याभरात झिजला म्हणून तावातावाने भांडत होते. मी हा फक्त कचेरीत घालतो, असं त्यांचं म्हणणं. तू बूट उलटा केलास, तळ बघितलास आणि शांतपणे म्हणालास, "साहेब, सायकलला ब्रेक बसवून घ्या." ते गेल्यावर ते वाक्य मला ऐकवलंस. त्या दिवसापासून मी माणसाच्या तोंडाआधी त्याच्या टाचेकडे बघते. पुढे याच सवयीवर माझं पोट चाललं.

तेव्हा मी तुझाही बूट उलटा केला होता. डाव्या टाचेची बाहेरची कड आधी झिजलेली. विचारलं तर म्हणालास, "ती माझी ऐट आहे, मुंगे." कामाच्या फळीखाली बसून मी त्या ऐटीवरून तुझी पावलं ओळखायचे. फळीवर तुझे शर्यतीत मिळालेले दोन कप असायचे, एकात बारीक खिळे आणि एकात मोठे. अजून आहेत का रे ते?

नोव्हेंबरात तुला झटका आला तेव्हा मी चार दिवस येऊन गेले. पण तुझा डावा पाय इस्पितळाच्या फोमच्या बुटात होता, मला तो बघायलाच मिळाला नाही. निघताना तू वाकड्या तोंडाने म्हणालास, "दारापर्यंत चालत आलो की बोलावीन. तोवर येऊ नकोस." मी ऐकलं. पण किती दिवस ऐकू? फोनवर तुझी जीभ थकते, आणि तू शेजारी बसलेला असतोस म्हणून वहिनी सगळं छान आहे असंच सांगते. म्हणून पत्र. वहिनी, तू हे त्याला वाचून दाखव.

फिजिओबाईंनी कळवलंय की डावं पाऊल पुढून लोंबतं आणि चालताना बोटं जमिनीला घासतात. त्यासाठी मी कवच करून देते. पोटरीपासून तळव्यापर्यंत मागून पायाला धरून ठेवणारं पातळ प्लॅस्टिक. वर एक वादी, घोट्याशी एक. ते बुटाच्या आत जातं, वरून कुणाला कळत नाही. रोज घातलं तर पाऊल सरळ पडायला शिकतं. पहिले सहा-आठ महिने मोलाचे असतात दादा. त्यानंतर घोटा आखडतो.

सोबत प्लास्टरच्या पट्ट्या आहेत. फिजिओबाई येतील तेव्हा पाय काटकोनात धरायचा आणि पट्ट्या ओल्या करून गुंडाळायच्या. पुढून आधी एक नळी ठेवायची, म्हणजे नंतर तिच्यावरून कापता येतं. सात-आठ मिनिटं हलायचं नाही. रिकामा साचा मला पाठवायचा. प्लास्टर म्हणजे तुझ्या भाषेत सांगायचं तर अस्सल गिऱ्हाईक आहे, काहीच लपवत नाही. शिरा, घट्टे, लहानपणीची जखमसुद्धा त्यात उमटते. गेल्या महिन्यात एका आजोबांच्या साच्यावरून मी सांगितलं की तुम्हाला कधीतरी कुत्रं चावलंय. त्यांच्या बायकोलाही ते माहीत नव्हतं.

तेव्हा साहेब, पाय द्या.

तुझी
मुंगी

२ फेब्रुवारी

मुंगीबाई,

साचा पाठवत आहे. खाली-वर होऊ नये म्हणून आत वर्तमानपत्र कोंबलंय, ते काढून घे. कापताना मी दुकानातली रापी वापरली. पंचवीस वर्षं चामडं कापते आहे, प्लास्टर म्हणजे लोणीच. नळी ठेवली होती, पाय काटकोनातच धरला होता. तू लिहिलंस तसं सगळं केलं.

हे बरे आहेत. जीभ सुटली आहे, म्हणजे टोमणे परत सुरू झाले आहेत. काल मी खुर्चीला अडखळले तर म्हणाले, मोठ्या पायाची बायको केली की हे असंच व्हायचं. मी म्हटलं, तुमच्या आणि माझ्या पायात एकाच नंबराचा फरक आहे, फार बोलू नका. लग्नाला तीस वर्षं होतील पण त्यांची ती एकच थट्टा आहे.

दुकान शेजारच्या शिंप्याला अर्धं दिलं आहे. अर्ध्यात मी शिवण करते. कप आहेत तिथेच आहेत, खिळ्यांसकट.

तू काळजी करू नकोस. आणि इतक्यात येऊ नकोस, त्यांना आवडणार नाही.

वहिनी

१५ फेब्रुवारी

वहिनी,

हे पत्र फक्त तुला. त्याला वाचून दाखवू नकोस.

साचा आला त्याच दिवशी मी त्यात प्लास्टर ओतलं. दुसऱ्या दिवशी वरच्या पट्ट्या सोलल्या आणि टेबलावर दादाचा पाय उभा राहिला. वहिनी, मी हबकले. मी हे काम वीस वर्षं करते आहे. लहान मुलांचे पाय, म्हाताऱ्यांचे पाय, सगळं बघितलंय. पण हा पाय दादाचा होता. इतका बारीक घोटा? पोटरी माझ्या दोन हातांच्या ओंजळीत मावते. शर्यती जिंकलेल्या माणसाची पोटरी ना ही? अडीच महिन्यांत माणूस इतका वाळतो हे तू मला सांगितलं का नाहीस?

माझा कारागीर मागून येऊन म्हणाला, "ताई, कोणाचा? एखाद्या बाईचा दिसतोय." मी त्याच्यावर इतकी ओरडले की तो दुपारी जेवायलाही माझ्यासमोर बसला नाही.

तळवा जरा सपाट आलाय. पाऊल जमिनीवर टेकवून ठेवलं होतं का? पण हरकत नाही, मी तो कोरून नीट केला. आणि एक गोष्ट बघून मला रडूच आलं. जन्मभर रापी आणि आरीत बसलेल्या माणसाचा पाय, पण कुठे एक व्रण नाही. मी बोटांनी चाचपून पाहिला. लहान मुलासारखा स्वच्छ पाय आहे गं त्याचा. आम्ही भावंडं, पण हा पाय मी पहिल्यांदाच पाहत होते. तो घरातही मोजे घालायचा, आठवतं?

कवच सोबत पाठवते. कडा तीनदा घासून गुळगुळीत केल्या आहेत. पहिल्या आठवड्यात दिवसाला एक तास, मग दोन, मग दिवसभर. काढल्यावर कातडी लाल दिसली तर वीस मिनिटं थांब. लाली गेली नाही तर मला कळव. आणि त्याला खायला घाल वहिनी. हातापाया पडून सांगते, खायला घाल.

मुंगी

१० मार्च

मुंगीबाई,

तुझं पत्र वाचून दोन दिवस मला काही सुचलं नाही. त्यांचं खाणं बरं आहे. तू उगाच इतकी घाबरलीस, मला फार वाईट वाटलं.

कवच छान झालं आहे. त्यांनी हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "मुंगीचा हात सफाईदार झालाय." एवढं कौतुक त्यांनी माझ्या शिवणीचं आजवर केलेलं नाही.

ते कवच रोज घालतात. पलंगापासून दारापर्यंत वीस फेऱ्या होतात. फेऱ्या ते स्वतः मोजतात, आणि टाच आधी, टाच आधी, असं चालू असतं. लाली येते पण जाते. पहिल्या दिवशी मांडीत गोळे आले होते, आता येत नाहीत. वरची वादी जरा काचते, ती मी आतून मऊ चामड्याने मढवली.

दाराबाहेर अजून नाही. तू यायची घाई करू नकोस.

वहिनी

२४ एप्रिल

वहिनी, दादा,

वीस फेऱ्या. मी तुझं पत्र कारखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलं. कारागिराची माफी मागितली आणि त्याला चहा पाजला. दादा, तुझं कौतुक करायला शब्द कमी पडतील, पण तू कौतुक करून घेणाऱ्यातला नाहीस, म्हणून गप्प बसते.

दोन महिने होऊन गेले, आता कवचाची कड कुठे घासायची आणि टाचेखाली पाचर द्यायची का, ते ठरवायला हवं. त्यासाठी तू चालताना बघायला हवास. तू येऊ देत नाहीस, तर बूट पाठव. डावा बूट आणि कवच, दोन्ही. मी तळ बघते आणि दुरुस्त करून आठवड्यात परत करते. तू शिकवलेलं काम आहे, नाही म्हणायचं नाही.

मुंगी

८ मे

मुंगीबाई,

बूट आणि कवच पाठवलं आहे. बूट नवाच आहे, कवचाबरोबर काढलेला. फेऱ्या वाढवल्या होत्या, त्यामुळे टाच बरीच झिजली आहे, तुला नीट दिसेल. लवकर परत पाठव. कवच नाही तर घरात चुकल्याचुकल्यासारखं होतं.

वहिनी

१७ मे

वहिनी,

हा बूट कोण घालतंय?

मला आधी आनंद झाला. खरंच सांगते. टाच मागून, अगदी मधोमध, सारखी झिजली आहे. पुढे बोटांपाशी एक ओरखडा नाही, म्हणजे पाय कुठे घासत नाही. मी मनात म्हटलं, हा माणूस माझ्यापेक्षा सरळ चालतो. कारागिराला हाक मारायला तोंड उघडलं आणि तशीच राहिले.

डाव्या टाचेची बाहेरची कड शाबूत आहे.

तेहतीस वर्षं झाली मी त्याचे बूट बघते आहे. माझ्या लग्नात घातलेले, दुकानातले, पावसातले. सगळ्यांची ती कड आधी गेलेली. माणूस आजारी पडला तर त्याची चाल बिघडते वहिनी, दुसऱ्याची होत नाही.

मग मी फळीवरून प्लास्टरचा पाय खाली काढला आणि टेप लावली. लांबीला एक नंबर कमी. स्नायू वाळतात, हाडं वाळत नाहीत, हे मी शिकाऊ मुलांना दर वर्षी पहिल्या दिवशी सांगते. पण त्या दिवशी मला ते दिसलं नाही, कारण मी रडत होते. पायाचं दुसरं बोट अंगठ्याच्या पुढे आहे. लग्नाच्या चपलांसाठी तुझं माप घेताना दादा काय म्हणाला होता? "हिचं दुसरं बोट पुढे आहे, ही माझ्या पुढे चालणार." सगळे हसले होते, मीही होते तिथे.

मी तीन महिने तुझा पाय दादाचा म्हणून कुरवाळते आहे. तो आहे ना? एवढंच आधी सांग. तो जिवंत आहे ना?

मी फोन लावला, तू उचललास आणि माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. पत्राची वाट मी आठ दिवस बघीन. नवव्या दिवशी गाडीत बसेन.

मुंगी

२१ मे

मुंगी,

आहेत गं. या क्षणी खिडकीशी बसून शिंप्याच्या मशीनला नावं ठेवत आहेत. तुझ्या मनात तसलं काही येईल हे मला सुचलंच नाही. मी फोन ठेवला कारण तुझ्याशी आणखी एक खोटं बोलणं मला जमलं नसतं. मला माफ कर.

सगळं सांगते. तुझं पहिलं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते हसत होते. सायकलचा ब्रेक ऐकून ठसका लागेपर्यंत हसले. मग मी पुढचं वाचत गेले. पत्र संपलं तेव्हा डावा पाय उजव्या हाताने उचलून चादरीखाली घेतलेला. शनिवारी फिजिओबाई आल्या, मी पाणी कोमट केलं, पट्ट्या मांडल्या. हे म्हणाले, "पाय मिळणार नाही." बाईंनी समजावलं, मी समजावलं. डोळे मिटून घेतले. त्यानंतर बाईंनाही पायाला हात लावू देईनात, तेव्हा महिन्याभराने त्यांनी येणं बंद केलं. तुला यातलं काही कळवू नका, असं मीच त्यांना हात जोडून सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी पट्ट्या तशाच पडल्या होत्या. मला वाटलं, हा माणूस कारागीर आहे. बहिणीने केलेली वस्तू एकदा समोर आली की हातात घेतल्याशिवाय राहणार नाही, आणि हातात घेतली की घालेल. माप थोडं इकडेतिकडे झालं तर झालं, आमच्यात एक नंबराचाच तर फरक. मग मी दुकानातल्या स्टुलावर बसले आणि माझाच डावा पाय गुंडाळला. एकटीने करताना पाय हवेत धरता येईना, म्हणून जमिनीवर टेकवला. तळवा सपाट आला तो त्यामुळे.

मी इतकी मूर्ख आहे असं तुला वाटेल. पण तेव्हा मला ते अगदी हुशारीचं वाटलं होतं.

कवच आलं. हातात घेतलं, ते खोटं लिहिलं नव्हतं. मग शेजारी ठेवलं आणि परत बघितलं नाही. मी म्हटलं, दुखत नाही हो, बघा. आणि त्यांच्यासमोर माझ्या पायात चढवलं. त्यांच्या मापाचा नवा जोड घातला, उजव्या बुटात फडकं कोंबलं आणि चालून दाखवलं. दुसऱ्या दिवशीही दाखवलं. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "टाच आधी टेक. बदकासारखी काय चालतेस?" मला इतका आनंद झाला. रोज दुपारी मी चालायचे आणि ते खुर्चीतून मोजायचे. वीस फेऱ्या खोट्या नव्हत्या मुंगी. पाय तेवढे माझे होते. मला वाटायचं, आज नाही तर उद्या म्हणतील, आण इकडे. तू बूट मागितलास तेव्हा मी दहा दिवस दुप्पट चालले. टाच झिजलेली दिसली की तू समाधान मानशील.

त्यांचं खरं हे आहे. पाऊल आतल्या बाजूला वळलं आहे, बोटं आवळतात. पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, एवढंच. मी बगलेत धरून उचलते. परवा माझी पाठ धरली आणि आम्ही दोघंही जमिनीवर बसलो. अर्धा तास तसेच बसून होतो. शिंप्याला हाक मारू का म्हटलं, तर म्हणाले, थांब जरा, बरं वाटतंय खाली.

कारण विचारू नकोस, मला ते माहीत नाही. तुझं सतरा तारखेचं पत्र मी त्यांना पूर्ण वाचून दाखवलं आहे. एक शब्द गाळला नाही. ऐकून त्यांनी कागद मागितला.

वहिनी

२२ मे

मुंगे,

तुझी वहिनी चोर पकडल्यासारखी रडते आहे म्हणून लिहितो. तिला काही बोलू नकोस. बूट बघून ओळखलंस, शाबास. मी असतो तर आधी बोटांकडची बाजू बघितली असती, पण ठीक आहे.

तू प्लास्टरचं ते आजोबांचं लिहिलंस, कुत्रं चावल्याचं. ते ऐकून मी पाय देणं शक्यच नव्हतं.

डाव्या पावलावर वरून एक व्रण आहे. अंगठ्याच्या मुळापासून चार बोटं. तू नऊ वर्षांची होतीस. फळीवर चढून कपातले खिळे काढत होतीस, तुझ्या कोपराचा धक्का लागला आणि रापी खाली आली. मी खाली बसलो होतो, अनवाणी. तू विचारलंस लागलं का. मी म्हटलं, काही नाही, घासलंय नुसतं. बाबांना सांगितलं की माझ्याच हातून सुटली. आत नस तुटली होती, अंगठा वर उचलणारी. त्यानंतर तो कधी उचलला नाही. अडखळायला नको म्हणून पाय बाहेरच्या कडेवर टाकायची सवय लागली. बस्स.

तू पायांचंच काम करतेस. एक नजर टाकली असतीस की तुला कळलं असतं कुठली नस, कधीची जखम आणि काय गेलं. मग तू जन्मभर ते घेऊन बसली असतीस. मी तुला ओळखतो. चौतीस वर्षं मोजे घातले ते असेच नाही.

बाईला मी पाय देणार होतो, साच्याला नाही. पण बाई तुझ्याशी बोलतात. मग कुणालाच नको.

साचा माझा नाही हे आता तूच शोधून काढलंस, तर लपवण्यात काही राहिलं नाही. काम कर, खा, झोप. माझं जे व्हायचं ते होईल. येऊ नकोस.

दादा

३ जून

दादा,

तुझं पत्र मी कारखान्यात उभ्याने वाचलं. हातात गरम प्लॅस्टिक होतं, ते तसंच गार होऊन वाकडं झालं. कारागिराने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि काही न विचारता मला स्टुलावर बसवलं.

मला ती दुपार आठवते. रापी पडल्याचा आवाज आठवतो, तू पाय पटकन मागे घेतलास ते आठवतं. तू म्हणालास घासलंय नुसतं, आणि मला एक मोठा खिळा खेळायला दिलास. मी तो खिळा घेऊन बाहेर पळाले. तुझ्याकडे मागे वळून बघितल्याचं मला आठवत नाही.

त्या वर्षी तू पळणं सोडलंस. मी विचारलं तर म्हणालास, कंटाळा आला. कप दोनच का, तिसरा का नाही, हे मी कधी विचारलं नाही. दुकानामुळे वेळ मिळत नसेल, असं मी माझ्यापुरतं ठरवलं होतं. चौतीस वर्षं जिला मी तुझी ऐट म्हणत आले, ज्या पावलांवरून तुला ओळखत आले, ती मीच केलेली जखम चालत होती. माणसाच्या चालीवरून त्याचं सगळं सांगते म्हणून लोक माझ्याकडे लांबून येतात. आणि मला माझ्या भावाचा बूट वाचता आला नाही.

आणि तुझ्या पायावर एक व्रण नाही, म्हणून मी रडले होते. मी तुला वाचून दाखवू नकोस म्हटलेलं ते पत्र वहिनीने तुला वाचून दाखवलं होतं का रे? दाखवलं असेल तर तू त्या वेळी काय केलंस, ते मला कधी सांगू नकोस.

तू म्हणतोस मी हे जन्मभर घेऊन बसेन. बसेन. पण ते माझं आहे दादा, तू ते सांभाळायचं नव्हतं. त्याच्यापायी तू पाच महिने पाय चादरीखाली ठेवलास. घोटा आखडला. वहिनीची पाठ गेली. मला एका जखमेपासून वाचवायला तू तिला दुसरी केलीस, हे तुला दिसतं ना? मी नऊ वर्षांची होते तेव्हा खोटं बोलून वाचवलंस ते मी डोक्यावर घेते. आता मी त्रेचाळीसची आहे.

आता कामाचं बोलते. घोटा आखडला असला तरी सगळं गेलेलं नाही. आधी ताण देऊन, मग हळूहळू कोन बदलत जाणारं कवच करावं लागेल, एक नाही, तीन लागतील. अंगठा मुळातच उचलत नव्हता हे आता मला माहीत आहे, म्हणून तळव्याखालची पात पुढे लांब ठेवीन, म्हणजे बोटांना आधार मिळेल. बाहेरच्या कडेला मी मुद्दाम थोडी जागा सोडणार आहे. तू परत चालायला लागलास तर तसाच चालशील, मला दुसरी चाल नको आहे. दारापर्यंत, एवढंच माझं उद्दिष्ट आहे. शर्यत नाही.

शुक्रवारी निघते, रविवारी सकाळी पोचेन. तू येऊ नकोस लिहिलं आहेस, ते वाचलं. वहिनी, पाणी कोमट ठेव आणि फिजिओबाईंना बोलावून घे, मला पाय धरायला एक माणूस लागेल. तू धरायचा नाहीस, तू खुर्चीत बसायचंस. तुझ्या पायाचा साचा मी सोबत आणते आहे, तुझ्या मापाच्या चपला मी स्वतः करणार आहे.

मोजा मी काढीन दादा. पट्ट्या मी गुंडाळीन. व्रणावर मी बोट ठेवीन आणि तू पाय मागे घ्यायचा नाहीस. एवढं तू ऐकशील असं मला वाटतं, निदान वहिनीच्या पाठीसाठी.

दुसरं ऐकणार नाहीस, तरी मागते. प्लास्टर धरायला सात-आठ मिनिटं लागतात, तेवढा वेळ तुला हलता यायचं नाही आणि मलाही पाय सोडून जाता यायचं नाही. तेवढ्या वेळात तू माझ्यावर रागाव. त्या दुपारी रागवायला हवं होतंस तसं, नऊ वर्षांच्या मुलीवर रागवावं तसं. फळीवर कशाला चढलीस, म्हण. मागे वळून का बघितलं नाहीस, म्हण. तू हसून काहीतरी टोमणा मारशील आणि विषय बदलशील, मला ठाऊक आहे. तरी एकदा रागाव.

मुंगी